रिहॅबमधून घरी: मेंदूला मार लागलेल्या माणसाचा दिवस आता कोण चालवणार?

रिहॅबमध्ये, म्हणजे पुनर्वसन केंद्रात, फिजिओच्या हॉलमध्ये पेशंट आधाराशिवाय चार पावलं टाकू लागला की घरच्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग आता घरी कधी न्यायचं?" प्रश्न रास्तच आहे. कितीतरी आठवडे घरातलं कुणीतरी बाकड्यावर झोपलेलं असतं, पैसा पाण्यासारखा गेलेला असतो, गावाकडे म्हातारी माणसं डोळे लावून बसलेली असतात. दुचाकीवरून पडून कितीतरी दिवस बेशुद्ध असलेला मुलगा चालतोय म्हटल्यावर देव पावल्यासारखं वाटणारच.

पण मेंदूला मार लागलेल्या माणसाच्या बाबतीत चालणं हे बरं होण्याचं फसवं माप आहे. घरी आल्यावर पायांमुळे अडतंच असं नाही. अडतं ते सकाळी उठल्यावर पुढे काय करायचं हे आपणहून सुचत नाही म्हणून. सकाळची गोळी घेतली की नाही हे आठवत नाही म्हणून. कुकरची शिट्टी, टीव्ही आणि पोरांचा दंगा एकदम कानावर आला की डोकं भणभणतं आणि हातातला पेला भिंतीवर जातो म्हणून.

असं का होतं? जोराची धडक बसते तेव्हा कवटीच्या आत मेंदू हेलकावे खातो. कवटीचा तळ आतून खडबडीत असतो. कपाळाच्या आणि कानशिलांच्या मागचा मेंदूचा भाग त्यावर घासतो, आपटतो. शिवाय मेंदूतले लांब तंतू ताणले जाऊन तुटतात. म्हणून मार डोक्याच्या मागच्या बाजूला लागला तरी झळ अनेकदा पुढच्या भागाला बसते. आणि हा पुढचा भाग काय करतो? कामाला सुरुवात करणं, क्रम लावणं, मनात आलं ते तोंडातून न काढणं, एक सोडून दुसऱ्याकडे वळणं. एक्स-रेत हे दिसत नाही, आणि कधीकधी सीटी स्कॅनमध्येही दिसत नाही.

आता वॉर्डातला दिवस आठवा. सकाळी नर्स उठवते. मावशी तोंड धुवून घेतात. चहा येतो, गोळ्या हातात येतात. अमुक वाजता फिजिओ, तमुक वाजता ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी), मध्ये झोप, भेटायला येणाऱ्यांची वेळ ठरलेली, रात्री दिवे बंद. थोडक्यात, त्याच्या मेंदूचं जे काम बंद पडलंय ते वॉर्ड करत असतो, आणि सगळं आपोआप होत असल्यामुळे कुणाच्या ते ध्यानातही येत नाही. डिस्चार्जच्या दिवशी औषधांची पिशवी सोबत येते, हे वेळापत्रक मागेच राहतं. घरी जाण्याचं नियोजन म्हणजे मुख्यतः एवढंच ठरवायचं असतं की हे काम आता घरात कोण, कसं आणि किती वाजता करणार.

मेंदूच्या इजेबद्दल वाचलेल्यांना फिनिअस गेज माहीत असतो. १८४८ मध्ये अमेरिकेत रेल्वेच्या कामावर सुरुंग ठासताना लोखंडी पहार त्याच्या डोक्यातून आरपार गेली, तो वाचला, पण स्वभाव पार बदलला. गोष्ट बहुतेकदा इथेच संपवतात. पुढे तो चिलीत गेला आणि तिथे काही वर्षं त्याने घोडागाडी चालवली. तोच रस्ता, तीच घोड्यांची निगा, तीच रोजची वेळ. या ठरावीक दिनक्रमाने त्याला बऱ्यापैकी सावरलं असावं, असं त्याच्यावर बारकाईने संशोधन करणाऱ्यांना वाटतं. मला तर गोष्टीचा हा उत्तरार्धच जास्त कामाचा वाटतो.

डिस्चार्जच्या आधी काय करून घ्यायचं

तारीख ठरण्याची वाट बघू नका. निदान दोन आठवडे आधीपासून जो माणूस घरी सांभाळणार आहे त्याने वॉर्डात प्रत्यक्ष कामं करायला हवीत. बघून येत नाही. पलंगावरून खुर्चीत बसवणं, कूस बदलणं, आंघोळ, नळीतून भरवणं, सगळं तुम्ही करा आणि सिस्टर किंवा थेरपिस्टला बघायला सांगा. बऱ्याच ठिकाणी शिकवलं जातं बायकोला किंवा आईला आणि घरी प्रत्यक्ष उचलणारा असतो धाकटा भाऊ, जो रविवारी एकदा येऊन गेलेला असतो. मग दुसऱ्याच दिवशी भावाची कंबर धरते. उचलणाऱ्याला शिकवा.

ऑक्युपेशनल थेरपिस्टला आणखी एक गोष्ट मागा: घरातलं एखादं काम करून घेऊन बघणं. साधा चहा घ्या. पेशंट पातेलं उचलतो, पाणी घालतो, गॅस पेटवतो. इथवर सगळं ठीक. मग तो थांबतो. साखरेचा डबा समोर आहे, पत्तीचा डबा समोर आहे, पण हात पुढे जात नाही. विचारलं तर चहा कसा करतात हे तोंडपाठ सांगतो. "आता पत्ती" एवढं म्हटलं की लगेच टाकतो. पाणी उतू जायला लागलं की बघत उभा राहतो. या दहा मिनिटांत घरच्यांना जे कळतं ते फाइलभर रिपोर्टांतून कळत नाही: त्याला येतं सगळं, पण प्रत्येक पायरीला कुणीतरी ढकलावं लागतं, आणि गॅसपाशी त्याला एकटं सोडायचं नाही.

हे बघितलेलं असलं की पुढचे कितीतरी आरोप टळतात. "मुद्दाम करत नाही", "आळशी झालाय", "आयतं मिळतंय ना" हे घराघरांत ऐकू येतं. सुरुवात न करता येणं हा इजेचाच भाग असतो.

शक्य असेल तर एक-दोन रात्री घरी नेऊन परत आणा. काही केंद्रं अशी सुट्टी देतात, फक्त विचारावं लागतं. घर जवळ नसेल तर निदान घराचे फोटो आणि मापं थेरपिस्टला दाखवा.

मापं घ्यायची ती इथली

व्हीलचेअर असेल तर तिची रुंदी साधारण दोन फुटांच्या पुढेमागे असते. आपल्याकडे खोलीचं दार तीन फुटांचं असतं, पण बाथरूमचं दार दोन-सव्वादोन फुटांचं, आणि त्यातही चौकट. चाळीत किंवा जुन्या घरात मोरी एक पायरी खाली आणि वर कट्टा. टेप घेऊन चौकटीच्या आतलं माप घ्या, दाराचं नको. खुर्ची आत जात नसेल तर चाकांची कमोड खुर्ची बघा, ती अरुंदही मिळते. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर सगळं तोडून नवा बसवायच्या भानगडीत लगेच पडू नका. मधे भोक असलेली कमोड खुर्ची भांड्यावर ठेवून बहुतेकांचं भागतं.

घरासमोर पायरी असेल तर उताराचा हिशोब सोपा आहे: जितके इंच उंची, तितके फूट लांबी. सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांचा उतार. गवंडी दोन फुटांत बसवून देतो म्हणेल. त्यावरून खुर्ची चढवताना मागच्याचा दम जातो आणि उतरताना पेशंट पुढे तोंडावर येतो.

बाकी छोट्या गोष्टी: बाथरूमची आतली कडी काढून टाका किंवा बाहेरून उघडेल अशी बसवा. रात्री पलंगापासून संडासापर्यंत दिवा. पायपुसणी आणि सतरंज्या उचलून ठेवा. सिलेंडरचा रेग्युलेटर काम झालं की बंद. आणि भिंतीत पक्का ठोकलेला, हात धरायला दांडा. टॉवेल लटकवायच्या दांड्याला धरून उठायला जाऊ नये, तो हातात येतो.

हे सगळं करायचंच, पण नातेवाईक याच्यावरच सगळी शक्ती आणि पैसा घालवतात, कारण हे डोळ्यांना दिसतं.

खाणं, नळ्या आणि पोटात ठेवलेलं हाड

गिळायला त्रास असेल तर सगळ्यात अवघड पदार्थ म्हणजे पाणी. पातळ पदार्थ घशात इतक्या वेगाने जातो की दुखावलेल्या मेंदूला श्वासनलिका वेळेत बंद करता येत नाही. म्हणून पाणी, चहा, ताक हे घट्ट करून द्यायला सांगतात. एकाच घासात पातळ आणि घन असलेलं, म्हणजे पातळ वरणात मोकळा भात किंवा चहात बुडवलेली खारी, हेही अवघड. मऊ गुरगुट्या भात, घट्ट पेज, दाटसर लापशी बरी. कोरडे पोहे, चुरमुरे, शेंगदाणे नकोत. नेमकं काय चालेल ते स्पीच थेरपिस्ट ठरवतात (बोलण्यासोबत गिळणंही तेच तपासतात), आणि ते लिहून घ्या, कारण "एक घोट पाण्याने काय होतंय" म्हणणारं एक तरी माणूस घरात असतंच. खोकला न येताही पाणी फुप्फुसात जाऊ शकतं.

नळीतून भरवत असाल तर डोक्याकडची बाजू उंच करून, आणि भरवल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. कूस स्वतः बदलता येत नसेल तर दर दोन तासांनी बदला, रात्रीसुद्धा.

मेंदूला सूज आल्यावर कवटीचा एक तुकडा काढून पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात, हे अनेकांना घरी जाताना पुरतं समजलेलं नसतं. हाड परत बसवेपर्यंत त्या जागी मेंदूवर फक्त कातडी असते. ती जागा आत गेलेली दिसते. त्या कुशीवर झोपू द्यायचं नाही, उभं राहताना, चालताना हेल्मेट लागतं. हाड बसवायची तारीख साधारण कधी, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. आणि ती जागा फुगून टणक लागली तर तारखेची वाट न बघता सर्जनला फोन करा.

घरातला दिवस

एक मोठा कागद, एकच, ठळक अक्षरात. उठणं, संडास, चहा, गोळी, आंघोळ, व्यायाम, नाश्ता, पडणं. जी वेळ वॉर्डात होती तीच शक्यतो घरी ठेवा. झालं की त्याने स्वतः खूण करायची. विसरणाऱ्या माणसाला "आठव बरं" म्हणून काही होत नाही. कागदाकडे बोट दाखवा. फोनमधले गजरही चालतात, पण कशाचा गजर ते त्यावर मराठीत लिहिलेलं हवं, नाहीतर तो बंद करून पुन्हा झोपतो.

व्यायाम, बोलणं, हिशोब अशी डोक्याला ताण देणारी कामं सकाळी, आणि दोन कामांत विश्रांती. मेंदूच्या इजेनंतरचा थकवा हा दमल्यासारखा नसतो. अर्ध्या तासाच्या गप्पांनंतर माणूस एकदम बंद पडल्यासारखा होतो, चिडतो किंवा रडू लागतो. तो चिडायच्या आधीच थांबवता आलं तर अर्धी भांडणं होत नाहीत.

आणि भेटायला येणारे. आपल्याकडे कुणी घरी आलंय म्हटल्यावर सगळं गाव लोटतं, प्रेमानेच लोटतं. प्रत्येक जण पलंगापाशी वाकून विचारतो, "ओळखलंस का मला? सांग बरं मी कोण?" तो गोंधळतो, चुकीचं नाव घेतो, मागून कुणीतरी हसतं, आई पदराने डोळे पुसते. मग दुसरा पुढे येतो: "आणि मला?" परीक्षा घेऊ नका. आत येतानाच सांगा, "मी सदामामा, साताऱ्याहून आलोय." पहिल्या महिन्यात एका वेळी दोन माणसं, वीस मिनिटं, टीव्ही बंद. हे नियम सुनेने सांगितले तर ती वाईट ठरते, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्याने सांगावेत. डॉक्टरांच्या नावावर खपवले तरी हरकत नाही.

सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे त्याला स्वतःला काही झालंय असं वाटतच नाही. "मी ठणठणीत आहे, किल्ली दे." हा हट्टीपणा नाही, स्वतःतला फरक ओळखणारा मेंदूचा भागच दुखावलेला असतो. वाद घालून पटत नाही. किल्ली नजरेआड ठेवा, गाडी काही महिन्यांसाठी भावाच्या घरी पाठवा, आणि "डॉक्टरांनी पुढच्या तपासणीत बघू म्हटलंय" एवढ्यावर विषय बदला. लायसन्सच्या फॉर्म एकमध्ये फिट किंवा अचानक शुद्ध हरपण्याबद्दल सरळ प्रश्न असतो, तेव्हा हे फक्त घरचं मत नाही. पैशांचंही तसंच. यूपीआयची मर्यादा कमी करा, ओटीपीचा फोन दुसऱ्याकडे ठेवा. ज्याला नाही म्हणायला जमत नाही तो फसवणाऱ्यांना बरोबर सापडतो.

दारू पूर्ण बंद. हा भाग लांबवण्यात अर्थ नाही: त्याने फिट येण्याचा, पडण्याचा आणि पुन्हा डोकं आपटण्याचा धोका वाढतो.

केव्हा घाबरायचं

मार लागल्यानंतर फिट महिन्यांनी, कधी वर्षांनीही येऊ शकते. फिट आली तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं टणक सामान हटवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांच्या वर चालली किंवा मधे शुद्ध न येता दुसरी आली तर थेट दवाखाना. गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या तर फिट उलटून येते. दुसरं म्हणजे, लेव्हेटिरासिटाम ही बऱ्याच जणांना दिली जाणारी फिटची गोळी काहींना चिडचिडं करते. राग गोळी सुरू झाल्यावर वाढलाय असं वाटलं तर डॉक्टरांना सांगा. पर्याय असतात.

दुसरी खूण सावकाश येते, म्हणून हुकते. बरा होत चाललेला माणूस पुन्हा पाय घासत चालायला लागला, कपड्यात लघवी होऊ लागली, बोलणं मंदावलं, तर "आता एवढंच व्हायचं होतं" असं म्हणून सोडून देऊ नका. मेंदूतलं पाणी साठत असू शकतं, आणि ते ऑपरेशनने काढता येतं. वाढती डोकेदुखी, उलट्या, जास्तीची झोप ही तर त्याच दिवशी जायची लक्षणं.

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात वेगाने होते. पुढे ती मंदावते, पण थांबत नाही. दोन वर्षं झाली म्हणून थेरपी बंद करायचं कारण नाही.

कागद

रस्त्यावरचा अपघात असेल तर एफआयआर, पंचनामा, एमएलसी क्रमांक (रुग्णालयाने पोलीस केस म्हणून केलेल्या नोंदीचा) आणि सगळी बिलं एकाच फाइलीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने भरपाईच्या दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. हे महिने नेमके आयसीयू आणि रिहॅबमध्येच जातात. म्हणून एका माणसाने फक्त हेच काम घ्यावं. दाव्यात पुढे लागणाऱ्या सांभाळणाऱ्या माणसाचा खर्चही मागता येतो. मेंदूला गंभीर इजा झालेल्या एका मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो धरला होता.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात मेंदूचा मार असा वेगळा प्रकार नाही. हात-पाय, बोलणं, बुद्धी, मानसिक आजार यांत जे बसेल त्यावरून टक्केवारी काढतात. त्यामुळे चालता येणाऱ्या पण काही लक्षात न राहणाऱ्या माणसाला "काही नाही झालं याला" असं म्हणून परत पाठवलं जाऊ शकतं. स्थिती स्थिरावल्यावर स्मृती आणि विचारशक्तीची चाचणी करून घ्या आणि तिचा लेखी अहवाल घेऊनच दाखला देणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे जा. बहुतेक लाभ ४० टक्क्यांपासून सुरू होतात. दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) जिल्हा रुग्णालयातून होतं. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे, खासगी रिहॅब परवडत नसेल तर तिथे जरूर चौकशी करा.

बँकेचं लवकर बघा. ज्याला कागदात काय लिहिलंय ते कळत नाही त्याचा अंगठा उठवून घेतलेलं मुखत्यारपत्र टिकत नाही. माणूस पूर्ण बेशुद्धच राहिला असेल तर पालक नेमण्यासाठी घरच्यांना उच्च न्यायालयात जावं लागलेलं आहे.

सांभाळणारी आणि सांभाळून घेणारी

ब्युरोचा माणूस ठेवला तरी रात्रीचं, औषधांचं आणि रागाचं ओझं बहुतेकदा बायकोवर किंवा आईवरच येतं. ज्याला ओळखून लग्न केलं तो नवरा हा नाही, असं बायकांना वाटतं आणि तोंडाने बोलता येत नाही, कारण "वाचला हेच नशीब" असं सगळे म्हणत असतात. दोन्ही खरं असू शकतं. आठवड्यातले दोन अर्धे दिवस दिरांनी, नणंदांनी, मुलांनी पक्के वाटून घ्यावेत, "काही लागलं तर सांग" असं सांगून मोकळं होऊ नये. मारहाण होत असेल तर ती सहन करणं सेवेत बसत नाही. डॉक्टरांना ते त्याच शब्दांत सांगा, त्यावरही उपचार आहेत.

कामावर परतणं घाईने करू नका. सरकारी आस्थापनेत असेल तर २०१६ च्या कायद्याच्या कलम २० नुसार नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं. एसटीच्या ड्रायव्हरला स्टिअरिंगवर बसवता येणार नाही, पण घरी बसवणं हाही पर्याय नाही. राजीनाम्यावर सही करण्याआधी हे माहीत हवं. खासगी नोकरीत असं थेट संरक्षण नाही, तिथे साहेबाशी बोलून सुरुवातीला तीन-चार तासांचं, एका प्रकारचं काम मागावं लागतं.

शेतकरी असेल तर विहीर, मोटारीचं स्टार्टर, मळणी यंत्र आणि झाड यांपासून लांब, आणि सोबतीला कुणीतरी. किराणा दुकान असेल तर पहिले काही महिने मागच्या खोलीत किलो-अर्धा किलोच्या पुड्या बांधायला द्या: वजन, पिशवी, गाठ, पुन्हा वजन. गल्ल्यावर शेवटी बसवा. तिथे गिऱ्हाईक, सुटे पैसे, उधारीची वही आणि फोन हे सगळं एकाच वेळी येतं.